सर्व्हर रीबूट झाला तरी आयपी टिकला पाहिजे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंधेरीच्या गाळ्यातला बिलिंगचा सर्व्हर असो, लोअर परळच्या ऑफिसातला फाइल सर्व्हर असो की महापेच्या डेटा सेंटरमधलं भाड्याचं मशीन, लिनक्सवर आयपीबद्दल (म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता) आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कमांड आणि फाइलींची नावं फोनवर समोरच्याला सांगतो तशी, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत करायची.

१. आयपी दिला, पिंग लागला, दोन महिने सगळं सुरळीत चाललं. सर्व्हर रीबूट झाला आणि आयपी गायब. असं का होतं?

कारण तो आयपी कुठेच लिहून ठेवलेला नव्हता. "आयपी ॲडर ॲड" ही कमांड, किंवा जुनी "आयएफकॉन्फिग", थेट कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगते की या नेटवर्क कार्डावर हा पत्ता लाव. कर्नल ते मेमरीत ठेवतो, डिस्कवर एक अक्षरही जात नाही. मशीन पुन्हा सुरू होतं तेव्हा कर्नल कोरा असतो. मग नेटवर्क सांभाळणारी सेवा उठते, आपली फाइल वाचते आणि त्यात असेल तेवढंच लावते.

म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर दोन गोष्टी असतात: आत्ता चालू असलेली सेटिंग आणि लिहून ठेवलेली सेटिंग. या दोन्ही जुळतात की नाही हे सर्व्हर चालू असताना कळत नाही. कळतं ते वीज गेल्यावर. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबई आणि आसपासच्या शहरांची वीज एकदम गेली, तशा दिवशी यूपीएसची बॅटरी संपली की एकाच वेळी सगळी मशीन बंद पडतात. मग कुणी कधी घाईत हाताने दिलेला प्रत्येक आयपी एकाच तासात हरवतो. म्हणून हाताने दिलेला आयपी त्याच दिवशी फाइलमध्ये गेलाच पाहिजे.

२. मग फाइल कुठली? एका ठिकाणी नेटप्लॅन सांगतात, दुसरीकडे नेटवर्कमॅनेजर, तिसरीकडे इंटरफेसेस फाइल.

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या मशीनसाठी. आधी आपल्या सर्व्हरवर नेटवर्कचा कारभार कोण पाहतं ते शोधा. "सिस्टिमसीटीएल स्टेटस" लावून सिस्टिमडी-नेटवर्कडी आणि नेटवर्कमॅनेजर या दोन सेवांपैकी कुठली चालू आहे ते बघा. हे लिनक्सच्या प्रकारावर ठरतं. ढोबळमानाने, उबुंटू सर्व्हरवर १८.०४ आवृत्तीपासून तुम्ही नेटप्लॅनची फाइल लिहिता आणि प्रत्यक्ष काम नेटवर्कडी करतं. उबुंटू डेस्कटॉपवर नेटप्लॅनच्या मागे नेटवर्कमॅनेजर असतं. रेड हॅट, रॉकी आणि अल्मावर सरळ नेटवर्कमॅनेजर. डेबियन सर्व्हरवर बहुतेक वेळा /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस.

दोन्ही सेवा चालू दिसल्या तरी घाबरू नका. "नेटवर्कसीटीएल" आणि "एनएमसीएलआय डिव्हाइस" या दोन्ही कमांड चालवून पाहा. ज्या यादीत तुमच्या कार्डापुढे "अनमॅनेज्ड" लिहिलं असेल, ती सेवा त्या कार्डाला हात लावत नाही.

एका कार्डाचा कारभारी एकच हवा, यावर आम्ही ठाम आहोत. "आयपी कधी येतो, कधी जातो" अशा तक्रारींची मुळं बहुतेकदा इथेच सापडतात: जुन्या माणसाने एका पद्धतीने लिहिलेलं असतं, नव्याने दुसऱ्या, आणि दोघांचं शेवटपर्यंत एकमेकांशी बोलणं झालेलं नसतं.

३. उबुंटू सर्व्हरवर नक्की काय लिहायचं?

/ईटीसी/नेटप्लॅन/ या फोल्डरात वायएएमएल फाइल असते. साध्या स्टॅटिक, म्हणजे हाताने ठरवलेल्या कायमच्या आयपीसाठी ती अशी:

नेटवर्क:
  व्हर्जन: २
  इथरनेट्स:
    ईएनएस१८:
      डीएचसीपी४: फॉल्स
      ॲड्रेसेस:
        - १९२.१६८.१०.२०/२४
      राउट्स:
        - टू: डिफॉल्ट
          व्हाया: १९२.१६८.१०.१
      नेमसर्व्हर्स:
        ॲड्रेसेस: [१९२.१६८.१०.१]

इंडेंटेशनला स्पेसच द्यायच्या, टॅब चालत नाही. पत्त्यामागचा /२४ (नेटवर्क केवढं आहे ते सांगणारा आकडा) विसरलात तर नेटप्लॅन फाइल नाकारतं. जुन्या लेखांमध्ये गेटवेसाठी, म्हणजे बाहेर जायच्या रस्त्यासाठी, "गेटवे४" अशी ओळ दिसेल. ती पद्धत आता मोडीत काढली आहे आणि २२.०४वर तसा इशाराही येतो, त्यामुळे वर दिल्याप्रमाणे राउट्समध्येच लिहा. फाइलची परवानगी ६०० ठेवा, नाहीतर अलीकडच्या आवृत्त्या "फार मोकळी आहे" म्हणून कुरकुरतात.

फोल्डरात एकाहून जास्त फाइली असतील तर त्या नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकत्र केल्या जातात. एकच गोष्ट दोन फाइलींत असेल तर नंतरची चालते, पण ॲड्रेसेससारख्या याद्या जोडल्या जातात. त्यामुळे ०१ नावाच्या फाइलमध्ये जुना आयपी आणि ९९मध्ये नवा ठेवला, तर कार्डावर दोन्ही दिसतात. जुनी फाइल बाजूला ठेवायची असेल तर फोल्डरातून बाहेर काढा किंवा शेवटचं डॉट वायएएमएल बदला.

लागू करण्यासाठी "नेटप्लॅन ट्राय" वापरा, "ॲप्लाय" नको. कारण प्रश्न १० मध्ये आहे.

४. रॉकी किंवा अल्मावर?

"एनएमसीएलआय कनेक्शन शो" करून कनेक्शनचं नाव बघा. कार्डाचं नाव आणि कनेक्शनचं नाव वेगळं असू शकतं, गोंधळ इथेच होतो. मग "एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय", पुढे ते नाव, आणि एकाच ओळीत आयपीव्ही४ डॉट ॲड्रेसेस, आयपीव्ही४ डॉट गेटवे, आयपीव्ही४ डॉट डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) आणि आयपीव्ही४ डॉट मेथड मॅन्युअल. पत्ता द्यायच्या आधी मेथड मॅन्युअल करायला गेलात तर ती कमांड नाकारली जाते, म्हणून सगळं एकत्र द्या. /२४ इथे विसरलात तर मात्र चूक दाखवली जात नाही: पत्ता /३२ धरला जातो आणि शेजारचं मशीनही सापडेनासं होतं. शेवटी "एनएमसीएलआय कनेक्शन अप".

एक फरक डोक्यात पक्का ठेवा. "कनेक्शन मॉडिफाय" डिस्कवर लिहितं. "डिव्हाइस मॉडिफाय" फक्त चालू स्थिती बदलतं, म्हणजे पुन्हा प्रश्न १. दोन्ही कमांड दिसायला जुळ्या बहिणींसारख्या आहेत.

५. सेंटओएस ७ची आयएफसीएफजी फाइल (तिथली नेटवर्क सेटिंगची फाइल) नव्या सर्व्हरवर तशीच कॉपी केली. चालेल का?

नव्या सर्व्हरवर कुठली आवृत्ती आहे त्यावर आहे. सेंटओएस ७ला अपडेट मिळायची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली, त्यामुळे मुंबईतली बरीच ऑफिसं आता तिथून हलताहेत आणि हा प्रश्न रोजचा झाला आहे. रेड हॅट ९च्या कुटुंबात नेटवर्कमॅनेजर त्या जुन्या फाइली अजून वाचतं, पण नवी प्रोफाइल /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/सिस्टिम-कनेक्शन्स/ मध्ये, वेगळ्या धाटणीत लिहितं. रेड हॅट १०मध्ये जुन्या फाइलींचा आधार काढून टाकला आहे. म्हणून कॉपी करू नका. जुनी फाइल समोर ठेवून प्रश्न ४च्या पद्धतीने प्रोफाइल नव्याने बनवा, पाच मिनिटांचं काम आहे.

जुन्या मशीनवर फाइल बरोबर असूनही आयपी येत नसेल तर आधी "ऑनबूट" ही ओळ बघा. तिथे "नो" असेल तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

नवी फाइल हाताने बदलली असेल तर तिचा मालक रूट आणि परवानगी ६०० हवी, नाहीतर नेटवर्कमॅनेजर ती वाचतच नाही. नंतर "एनएमसीएलआय कनेक्शन रीलोड" करायला विसरू नका.

६. डेबियनवर "आयएफअप" केलं की आयपी येतो, पण रीबूटनंतर आपोआप येत नाही.

इंटरफेसेस फाइलमध्ये "आयफेस" ओळ आहे, "ऑटो" ओळ नाही. आयफेस सांगते की आयपी काय द्यायचा, ऑटो सांगते की बूट होताना द्यायचा. "ऑटो" आणि पुढे कार्डाचं नाव, एवढी ओळ वर टाका.

७. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये डीएनएस लिहितो आणि ते पुसलं जातं.

ती फाइल आता बहुतेक मशीनवर तुमच्यासाठी नसतेच. उबुंटूवर ती सिस्टिमडी-रिझॉल्व्हडीच्या फाइलकडे जाणारी लिंक असते आणि तिच्यात १२७.०.०.५३ दिसतं. रॉकी-अल्मावर ती नेटवर्कमॅनेजर लिहितं. डीएनएस तिथेच लिहा जिथे आयपी लिहिलात: नेटप्लॅनच्या नेमसर्व्हर्समध्ये किंवा एनएमसीएलआयच्या आयपीव्ही४ डॉट डीएनएसमध्ये. प्रत्यक्षात कुठला डीएनएस वापरला जातोय ते उबुंटूवर "रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस" दाखवतं.

फाइलला "सीएचॲटर प्लस आय" लावून कुलूप घालायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. कृपया करू नका. पुढच्या माणसाला रूट असूनही फाइल का बदलत नाही ते कळणार नाही आणि त्याची अख्खी दुपार जाईल.

८. नेटप्लॅनची फाइल नीट लिहिली होती, तीच रीबूटनंतर बदललेली दिसली!

फाइलचं नाव ५०-क्लाउड-इनिट डॉट वायएएमएल असणार. ती क्लाउड-इनिट या, बूट होताना मशीनची सेटिंग लावणाऱ्या प्रोग्रामने बनवलेली असते आणि तेच तिला पुन्हा लिहू शकतं. फाइलच्या माथ्यावर बहुतेकदा तसा इशाराही असतो, पण तो कोणी वाचत नाही. /ईटीसी/क्लाउड/क्लाउड डॉट सीएफजी डॉट डी/ मध्ये ९९-डिसेबल-नेटवर्क-कॉन्फिग डॉट सीएफजी नावाची फाइल करा. तिच्यात एकच ओळ: नेटवर्क, कोलन, आणि महिरपी कंसात कॉन्फिग, कोलन, डिसेबल्ड. मग आपली सेटिंग स्वतःच्या नावाच्या फाइलमध्ये ठेवा आणि ५० नंबरची काढून टाका. मशीन खरंच क्लाउडवर असेल तर हे करण्याआधी प्रश्न १५ वाचा.

९. आरसी डॉट लोकलमध्ये किंवा क्रॉनच्या ॲट-रीबूटमध्ये (दोन्ही बूटला कमांड आपोआप चालवतात) "आयपी ॲडर ॲड" टाकलं तर काम होत नाही का?

बूटला होतं. पण नंतर कोणी नेटवर्कची सेवा रीस्टार्ट केली किंवा कनेक्शन खाली-वर केलं, तर कारभारी सेवा आपल्या फाइलप्रमाणे कार्ड मांडते आणि तुमचा आयपी जाऊ शकतो. आरसी डॉट लोकल तेव्हा पुन्हा चालत नाही. शिवाय नवा माणूस आयपी शोधताना तिथे बघत नाही. एका कार्डावर दोन आयपी हवेत म्हणून कोणी हे करत असेल तर गरजच नाही, नेटप्लॅनच्या ॲड्रेसेसमध्ये दुसरी ओळ टाका.

१०. सर्व्हर महापेला आहे, मी बोरिवलीत. आयपी बदलताना कनेक्शन तुटलं तर?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. शेवटची लोकल गेल्यावर डेटा सेंटर गाठायची वेळ कोणावर येऊ नये, म्हणून सविस्तर लिहितो.

उबुंटूवर "नेटप्लॅन ट्राय" नवी सेटिंग लावतं आणि १२० सेकंद थांबतं. तेवढ्यात एंटर दाबला नाही तर जुनी सेटिंग परत आणतं. कनेक्शन तुटलं तर एंटर दाबणारं कोणीच नसतं, म्हणून सर्व्हर स्वतःहून मागे येतो. मात्र बाँड आणि ब्रिजच्या (कार्डं एकत्र जोडायच्या पद्धतींच्या) खास सेटिंग्ज तो धड मागे घेऊ शकत नाही, तिथे त्याच्या भरवशावर राहू नका.

एरवी आमची पद्धत अशी. जुना आयपी काढायचाच नाही, नवा त्याच्या शेजारी लावायचा. आधी "आयपी ॲडर ॲड"ने तात्पुरता लावा. आयपी न टिकण्याचा गुण इथे आपल्या कामाला येतो: फाइल अजून बदललेली नाही, म्हणून काही बिघडलं तर रीबूट केला की सगळं पूर्ववत. जोडीला "शटडाउन मायनस आर प्लस १०" देऊन ठेवा. दहा मिनिटांत सर्व्हर आपोआप रीबूट होईल. सगळं नीट असेल तर "शटडाउन मायनस सी"ने ते रद्द करा. दुसऱ्या खिडकीतून नव्या आयपीवर लॉगिन करून पाहा. लॉगिन झालं की मग दोन्ही आयपी फाइलमध्ये लिहा, लागू करा, पुन्हा लॉगिन करा. जुना आयपी काही दिवसांनी, कोणी वापरत नाही याची खात्री झाल्यावर काढा.

गेटवेही बदलत असेल तर ही युक्ती पुरत नाही. तेव्हा सर्व्हरचा रिमोट कन्सोल, म्हणजे आयएलओ, आयडीआरएसी वगैरे, आधी उघडून त्यातून लॉगिन होतंय का ते बघा आणि मगच हात घाला. कन्सोलचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही, हे कळायची ती वेळ नव्हे.

११. नवं कार्ड बसवलं आणि जुन्या कार्डाचा आयपी गेला. फाइल तर जशीच्या तशी आहे.

कार्डाचं नाव बदललं असणार. ईएनपी३एस० यांसारखी नावं कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये बसलंय त्यावरून ठरतात. नवं कार्ड आलं की स्लॉटची मोजणी सरकू शकते आणि ईएनपी३एस०चं ईएनपी४एस० होतं. फाइल मात्र जुन्याच नावाची वाट बघत बसते. "आयपी लिंक"ने आत्ताची नावं बघा. कायमचा उपाय म्हणजे मॅक पत्त्याने, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने, बांधणं: नेटप्लॅनमध्ये "मॅच"खाली मॅकॲड्रेस द्या आणि "सेट-नेम"ने आपल्याला हवं ते नाव ठेवा. "लॅन०", "बाहेर०" अशा अर्थाची नावं ठेवलीत तर सहा महिन्यांनी फाइल वाचताना बरं पडतं.

व्हर्च्युअल मशीन क्लोन केलं की मॅक बदलतो, त्यामुळे तिथे ही ओळ आधी सुधारा.

१२. एकाच टेम्पलेटवरून तीन मशीन बनवली. मॅक वेगळे, तरी डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सेवा) तिघांना एकच आयपी देतं.

नेटवर्कडी डीएचसीपीला ओळख सांगताना मॅक देत नाही, मशीन-आयडीवरून बनवलेला ओळख क्रमांक देतं. टेम्पलेटचा मशीन-आयडी तिघांकडे तोच आहे. टेम्पलेट बनवतानाच /ईटीसी/मशीन-आयडी ही फाइल रिकामी करा, काढून टाकू नका, फक्त रिकामी. प्रत्येक क्लोन पहिल्यांदा उठताना स्वतःचा आयडी बनवेल. तसं जमणार नसेल तर नेटप्लॅनमध्ये "डीएचसीपी-आयडेंटिफायर: मॅक" द्या.

१३. सर्व्हरवर स्टॅटिक लिहावा की राउटरमध्ये मॅकवर आयपी राखून ठेवावा?

प्रिंटर, कॅमेरे, ऑफिसातली लहानसहान मशीन: राउटरमध्ये राखीव. सगळी यादी एका जागी राहते. पण ज्याच्यावर बाकीचे अवलंबून आहेत, म्हणजे डीएनएस, फाइल सर्व्हर, डेटाबेस, तिथे सर्व्हरवरच लिहा. वीज परत आल्यावर राउटर आधी उठेल की सर्व्हर, याचा नेम नाही.

स्टॅटिक आयपी डीएचसीपीच्या वाटपाच्या टप्प्याबाहेरचा घ्या. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर सर्व्हर ५०च्या आत ठेवा. नाहीतर कधीतरी तोच आयपी कोणाच्या तरी मोबाइलला मिळेल आणि सर्व्हर अधूनमधून गायब होईल. आयपी मोकळा आहे का ते "आर्पिंग मायनस कॅपिटल डी"ने तपासता येतं. नुसत्या पिंगवर विसंबू नका, बरीच मशीन पिंगला उत्तर देत नाहीत.

१४. ऑफिसात दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइन आहेत. दोन्ही कार्डांवर गेटवे लिहिला, आता एक लाइन चालते, दुसरीवर बाहेरून कोणी पोहोचत नाही.

बाहेरून आलेली विनंती दुसऱ्या लाइनने आत येते, उत्तर मात्र पहिल्या लाइनने बाहेर जातं, कारण सर्व्हरच्या लेखी बाहेर जायचा मुख्य रस्ता एकच. अशी उत्तरं वाटेत गळतात.

दुसरी लाइन फक्त राखीव असेल तर दोन्ही डिफॉल्ट राउट्सना वेगवेगळं मेट्रिक द्या, कमी आकड्याची आधी वापरली जाते. फक्त लक्षात ठेवा, केबल निघाली तर राउट बदलतो, पण पुढे कंपनीकडे लाइन बंद पडली तर सर्व्हरला ते कळत नाही. दोन्ही लाइनींवरून एकाच वेळी सेवा द्यायची असेल तर दुसऱ्या लाइनसाठी वेगळा राउटिंग टेबल आणि "या आयपीवरून निघालेलं या टेबलने जाईल" असा नियम लागतो: नेटप्लॅनमध्ये "राउटिंग-पॉलिसी", नेटवर्कमॅनेजरमध्ये आयपीव्ही४ डॉट राउटिंग-रूल्स. हे नियम "आयपी रूल ॲड"ने हाताने दिले तर तेही रीबूटला जातात.

बहुतेक ऑफिसांना आमचा सल्ला: हे काम फायरवॉल राउटरवर सोपवा, सर्व्हरला एकच गेटवे द्या.

१५. ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमधल्या मशीनवर स्टॅटिक आयपी कसा लिहायचा?

लिहू नका. खाजगी आयपी तिथे डीएचसीपीनेच येतो, तरीही मशीन असेपर्यंत तोच राहतो. बदलतो तो सार्वजनिक आयपी, आणि तोही नुसत्या रीबूटने नाही: मशीन स्टॉप करून पुन्हा स्टार्ट केलं तर. तो कायम हवा असेल तर इलॅस्टिक आयपी घेऊन मशीनला जोडा. हा पत्ता मशीनच्या आत "आयपी ए"मध्ये दिसत नाही. तो दिसत नाही म्हणून हाताने लावायला जाऊ नका.

१६. आयपी टिकतो, पण बूट होताना दोन मिनिटं लटकतं. किंवा बूट पटकन होतं, पण आमची सेवा "पत्ता सापडत नाही" म्हणून पडते.

दोन्हीचं मूळ एकच: नेटवर्क तयार कधी झालं म्हणायचं. उबुंटू सर्व्हरवर वेट-ऑनलाइन सेवा सगळ्या कार्डांची वाट बघते, मुदत १२० सेकंद. एखाद्या कार्डाला केबलच नसेल तर दोन मिनिटं जातात. त्या कार्डाखाली नेटप्लॅनमध्ये "ऑप्शनल: ट्रू" लिहा.

सेवा पडत असेल तर तिच्या युनिट फाइलमध्ये "आफ्टर" आणि "वाँट्स" या दोन्ही ओळींत नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट द्या. नुसतं नेटवर्क डॉट टार्गेट पुरत नाही, त्या वेळी आयपी लागलेला असेलच असं नाही. सेवा ठरावीक आयपीवर ऐकत असेल आणि ते गरजेचं नसेल, तर सगळ्या पत्त्यांवर ऐकू द्या आणि आत कोण येईल ते फायरवॉलने ठरवा.

१७. ब्रॉडबँड आहे. सर्व्हरवर स्टॅटिक आयपी लिहिला तर घरून पोहोचता येईल?

नाही. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा आयपी ऑफिसच्या भिंतींच्या आतला. बाहेरचा आयपी कंपनी देते. राउटरवर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी दिसत असेल तर तोही खरा सार्वजनिक नाही, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. कंपनीकडून सार्वजनिक स्टॅटिक आयपी घ्या किंवा व्हीपीएन लावा. दुसरा मार्ग आम्हाला जास्त सुरक्षित वाटतो.

१८. सगळं टिकतंय याची खात्री कशी करायची?

रीबूट करून. दुसरा खात्रीचा मार्ग नाही. रविवारी सकाळी, लोकांना आधी सांगून, कन्सोल उघडा ठेवून करा. त्याआधी "आयपी ए", "आयपी आर", "आयपी रूल" यांचं उत्तर फाइलमध्ये साठवा, उबुंटूवर "रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस"चंही. रीबूटनंतर पुन्हा साठवा आणि "डिफ"ने दोन्ही लावून बघा. ज्या ओळी आधी होत्या आणि आता नाहीत, त्या कोणीतरी हाताने दिलेल्या होत्या. त्या लागत असतील तर प्रश्न ३, ४ किंवा ६प्रमाणे फाइलमध्ये लिहा आणि पुन्हा एकदा रीबूट करा.